विंचू चावला तर ठणका नव्हे, घाम बघा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला आणि गप्पा विंचवावर आल्या. काजू बी गोळा करताना, पातेऱ्यात हात घालताना, चिऱ्यांचा ढीग हलवताना विंचू निघतोच. बसलेल्या पंधरा जणींपैकी सहा जणींना कधी ना कधी विंचू चावलेला. एक काकी म्हणाल्या, "माका उतारो घातल्यार तासाभरात ठणको कमी झालो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग कोपऱ्यात बसलेली एक ताई हळूच बोलली. तिच्या माहेरी एका लहान मुलाचा ठणका असाच कमी झाला होता. घरचे निश्चिंत झाले. पोरगं घामानं भिजलं होतं, पण उकाडा आहे म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पहाटे त्याला दम लागला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. म्हणून या अंकातला धडा विंचवावर.

दोन विंचू, दोन तऱ्हा

आपल्याकडे साधारण दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक मोठा, काळा, जाड नांग्यांचा. त्याला बघून आपण जास्त घाबरतो, पण त्याच्या विषानं जीव जाण्याची भीती फार कमी. दुसरा लहान, तांबूस-तपकिरी, बारीक नांग्यांचा. तो लाल विंचू. कोकणातल्या तांबड्या मातीत, जांभ्या दगडाच्या फटीत तो राहतो आणि खरा धोका त्याच्यापासूनच आहे. अंधारात कुठला चावला ते नेमकं कळत नाही, म्हणून प्रत्येक दंश लाल विंचवाचाच समजून चालायचं.

विष काय करतं?

लाल विंचवाचं विष अंगातल्या रक्तवाहिन्या आवळतं. पंपाला जोडलेली पाण्याची नळी मध्येच दाबून धरली तर पंपावर जसा ताण येतो, तसा ताण हृदयावर येतो. हात-पाय गार पडतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, उलटी होते, लाळ गळते, छातीत धडधडतं. पुढे फुप्फुसात पाणी साठतं आणि दम लागतो. माणूस दगावतो तो यामुळे.

आता लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट. ज्याला नुसता जोराचा ठणका आहे, बाकी काही नाही, तो बहुतेक वेळा वाचतो. विष अंगभर पसरलेल्या रुग्णाला मात्र ठणका कमी असू शकतो, कधी जाणवतही नाही. म्हणजे ठणका थांबला याचा अर्थ विष उतरलं असा होत नाही.

उताऱ्यानं 'गुण येतो' तो का, हेही यातून कळतं. बहुतेक दंश सौम्य असतात आणि त्यांचा ठणका काही तासांनी आपोआप उतरतो. श्रेय उताऱ्याला मिळतं. दंश सौम्य नसेल तेव्हा मात्र मोलाचे तास निघून जातात.

औषध सापडलं ते कोकणातच

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान मुलं त्यांच्यासमोर दगावत होती. ते रात्ररात्र रुग्णांजवळ बसून घाम, उलट्या, गार हात-पाय, नाडी, रक्तदाब यांची नोंद करत राहिले. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरायला सुरुवात केली. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. गंभीर रुग्णांच्या मृत्यूंचं प्रमाण त्यामुळे खूप खाली आलं.

विंचवाच्या विषावरची लसही निघाली. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडला 70 रुग्णांवर अभ्यास केला. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या प्राझोसिननं बरं व्हायला सरासरी 18 तासांच्या आसपास लागले. प्राझोसिनसोबत लस दिली तेव्हा 8 तास पुरले. डॉ. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणजे उपाय आहे. माणूस वेळेत तिथपर्यंत पोचवणं हे आपलं काम.

विंचू चावला तर

1. चावल्याची वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.
2. जागा साबण-पाण्यानं धुवा. बांगड्या, अंगठी काढा. ठणक्यासाठी कपड्यात गुंडाळलेला बर्फ चालेल.
3. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं चोखू नका. पाला, चुना, रॉकेल लावू नका.
4. माणसाला चालवू नका. आडवं झोपवा. दम लागत असेल तर टेकून बसवा.
5. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून डॉक्टर आणि औषध आहे का ते विचारा. म्हणजे दोनदा फिरावं लागणार नाही.
6. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट बघू नका. लगेच निघा. मोठ्या माणसाला घाम, उलटी, गार हात-पाय यांतलं एक जरी दिसलं तरी एक मिनिट थांबू नका.
7. प्राझोसिन घरात ठेवून स्वतः देऊ नका. वजनाप्रमाणे मात्रा ठरते आणि रक्तदाब एकदम उतरू शकतो. गोळी दिल्यावर मुलाला कडेवर उचलू नका. डॉक्टर सांगेपर्यंत झोपवूनच ठेवा.

चावूच नये म्हणून

विंचू आपल्या मागे येत नाही. तो रात्री झुरळं, किडे शोधत फिरतो आणि दिवसा फटीत बसतो. आपला हात किंवा पाय त्याच्या जागेत गेला की तो नांगी मारतो.

- काजू बी वेचताना आधी काठीनं पातेरा हलवा. भाजावळीसाठी पातेरा भरताना हातानं न ओढता खराटा वापरा.
- लाकडं, चिरे, कौलं, सोडणं यांचे ढीग घराच्या भिंतीला टेकून रचू नका.
- भिंतीच्या फटी, दाराखालची जागा बुजवा.
- अंथरूण भिंतीपासून लांब घाला, झटकून घाला. मच्छरदाणी गादीखाली खोचा. मुलांचे गणवेश आणि चपला झटकून द्या.
- रात्री न्हाणीत, मांगरात जाताना चप्पल आणि बॅटरी हवीच. पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरतं तेव्हा विंचू बाहेर पडतात. त्या दिवसांत जास्त जपा.
- दुकानदार नोटा तपासायला जांभळ्या उजेडाची बॅटरी वापरतात. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. गटात एक घेतली तर सगळ्यांना पाळीपाळीनं घर तपासता येईल.

पुढच्या बैठकीत एवढं करा

त्या ताईनं शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या रात्री गाडीला पैसे नव्हते, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरलं होतं. हे आपल्या हातातलं आहे. अंतर्गत कर्जासाठी आपण बैठकीची वाट बघतो, पण विंचू वाट बघत नाही. म्हणून बचतीतली थोडी रक्कम तातडीच्या प्रवासासाठी बाजूला ठेवा. ती रात्री कोणाच्या घरी मिळेल आणि दोघींच्या संमतीनं लगेच कशी देता येईल, ते ठराव वहीत लिहा. वाडीतल्या गाडीवाल्यांचे, आशाताईंचे, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाचे नंबर एका कागदावर लिहून प्रत्येकीच्या दाराआड चिकटवा.

आणि ज्या बैठकीत वाचून दाखवाल, तिथे एक प्रश्न नक्की विचारा : "ठणका थांबला, पण अंगाला घाम आहे. आता काय करायचं?" सगळ्यांकडून एकच उत्तर आलं पाहिजे : "गाडी काढायची."

तुमची,
क्षेत्र समन्वयक