चांद्रयान : अपयशाच्या कारणांचा शोध

चंद्रग्रहण लागले की पूर्वी महाराष्ट्रातील गावोगावी ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी ऐकू येत असे. ती हाळी देत दारोदार फिरण्याचे काम जातिव्यवस्थेने अस्पृश्य ठरविलेल्यांवर, विशेषतः मातंग समाजातील बांधवांवर लादले होते. वस्तुतः ग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची छाया. ती कोणाच्या दानाने सरकत नाही. कारण कळले की भय ओसरते आणि भयावर उभी असलेली रूढीही खिळखिळी होते. भारताच्या चांद्रमोहिमांचा इतिहास याच कार्यकारणदृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘चांद्रयान-१’ झेपावले. त्यावरील उपकरणांच्या नोंदींतून चंद्राच्या मातीत पाण्याच्या रेणूंचा पुरावा मिळाला. २२ जुलै २०१९ रोजी ‘चांद्रयान-२’ निघाले; परंतु ७ सप्टेंबर रोजी उतरता उतरता ‘विक्रम’ लँडरचा संपर्क तुटला व तो चंद्रावर आदळला.

इस्रोच्या शास्त्रज्ञांनी या अपयशाची चिकित्सा केली. लँडरच्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर दिला होता. त्यामुळे चुका साचत गेल्या. त्या सुधारण्यासाठी यानाने वेगाने वळणे आवश्यक होते. पण त्याच्या वळण्याच्या गतीला मर्यादा होती. शिवाय उतरण्याची जागा अवघी ५०० मीटर लांब व तितकीच रुंद होती. कारणे सापडली, तसे उपाय योजले गेले. ‘चांद्रयान-३’साठी ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद क्षेत्र निवडले गेले, इंजिने चार ठेवली गेली, पाय मजबूत केले गेले, इंधन वाढविले गेले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी नवा ‘विक्रम’ दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरला. त्यातून बाहेर पडलेल्या २६ किलो वजनाच्या ‘प्रज्ञान’ या बग्गीने तेथील मातीत गंधक असल्याचे नोंदविले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आजा-पणजांना त्यांचे दैन्य हे पूर्वजन्मीचे फळ असल्याचे सांगितले गेले. गणितात नापास झालेला मुलगा आजही ‘माझ्या नशिबातच नाही’ असे म्हणतो, तेव्हा तोच जुना पाठ तो पुन्हा गिरवीत असतो. त्याने उत्तरपत्रिका उघडावी, चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधावे आणि ती पायरी पुन्हा सोडवावी. ‘विक्रम’ चार वर्षांनी चंद्रावर उतरला, तो याच रीतीने.