मुलींच्या नावांचे अर्थ

श्रावणात आमच्या घरी तिसरी मुलगी झाली. आधीच्या आम्ही दोघी. बारशाला नाव काय ठेवायचे यावर घरात रोज बोलणे निघू लागले. म्हणून मी बाईंकडून शब्दकोश मागून आणला, गल्लीतल्या मुलींची आणि बायकांची नावे वहीत उतरवली आणि अर्थ शोधले.

सीता म्हणजे नांगर चालल्यावर जमिनीत पडते ती रेघ. आपण तिला तास म्हणतो. जनक राजाला ती नांगरताना सापडली म्हणून सीता. जनकाची लेक म्हणून जानकी, विदेह देशाची म्हणून वैदेही, मिथिलेची म्हणून मैथिली. एका मुलीला चार नावे! मला सीता आवडले होते. पण आजी म्हणाली, "नको गं बाई, तिच्या वाट्याला वनवास आला."

पंकजा म्हणजे चिखलात जन्मलेली, म्हणजे कमळ. रुक्मिणीतल्या रुक्मचा अर्थ सोने. वर्गातल्या मैत्रिणीचे नाव शबनम आहे. तो फारसी शब्द आहे. शब म्हणजे रात्र, नम म्हणजे ओल. रात्रीची ओल म्हणजे दव.

आपल्या जिल्ह्यातल्या नद्यासुद्धा मुलींच्याच नावाच्या. महाबळेश्वरला कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्या उगम पावतात. कृष्णा म्हणजे सावळी. सावित्री हे सविता या शब्दावरून आले. सविता म्हणजे सूर्य. गंमत अशी, की संस्कृतात तो सविता आणि आपण मात्र मुलीला सविता म्हणतो. सावित्रीबाई फुले यांचा जन्मही आपल्याच जिल्ह्यात, नायगावला, ३ जानेवारी १८३१ रोजी झाला.

एक नाव मात्र शब्दकोशात मिळाले नाही. आजीच्या मावसबहिणीचे नाव नकुसा आहे. मी आजीला अर्थ विचारला. ती आधी बोलेचना. मग म्हणाली, "नको असलेली. पोरीवर पोरी झाल्या की असं नाव ठेवायचे. मग म्हणं पुढं पोरगा हुतो."

मी विचारले, "मग झाला का?"

"कुठला? तिच्या पाठीवर अजून तीन पोरीच झाल्या की!"

हे मी शाळेत बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, अशा पुष्कळ मुली होत्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेतला आणि नकुसा, नकोशी अशा २८५ मुलींना नवीन नावे दिली.

त्याच आठवड्यात शेजारची एक काकू आईला म्हणाली, "तिसरी हाय, नकुसाच ठेवा." आई गप्प बसली. मला फार राग आला. मी वही आणून सावित्रीचा अर्थ मोठ्याने वाचला. वडील दारात उभे होते. ते म्हणाले, "हेच ठेवू."

बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितले. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. आता आम्ही तिला सावी म्हणतो.

बारशाला नकुसा आजीही आली होती. माझी वही बघून म्हणाली, "माझं बी नाव लिवलंस का?" मला काय बोलावे कळेना. मी मान हलवली. ती म्हणाली, "लिव की. पर खाली हे बी लिव, आता मला समदी अक्का म्हणत्यात."

म्हणून लिहिले आहे.

इयत्ता चौथी