परांची

पावसाळा जवळ आला, की छत्तीसगडमधील भिलाईलगतच्या कुम्हारीत घरांची डागडुजी सुरू होते. उंच भिंतीसाठी परांची लागते. काम दोनच दिवसांचे म्हणून ती विटांच्या ढिगावर घाईने उभारली जाते आणि तेथेच घात होतो.

परांचीचे खांब टणक, सपाट जमिनीवर टेकवावेत. त्यांना तिरकस आधार द्यावेत व परांची भिंतीशी जखडावी. फळ्या दोन्ही टोकांना बांधाव्यात. कडेला कठडा असावा. शिडी बारा फूट उंचीवर टेकत असेल, तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट दूर असावा.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातून स्वतःच्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम वगळलेले होते. कायद्याचे बंधन नसेल, तेथेही मजुराच्या जिवाची जबाबदारी घरमालकावर असतेच.

विचार करा : परांचीवर चढण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाल?