फर्माइशी दागिना : आधी कारागीर पारखा

घरात लग्नकार्य निघाले की नांदेड-लातूरचे आपले बंधू सराफ्यात जातात, नक्षी पसंत करतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. तयार दागिना पाहून घेता येतो. फर्माइशी दागिन्यात मात्र आधी माणूस निवडावा लागतो. त्याची पारख अशी करावी.

१) त्याने घडवलेला दागिना उलटा करून पाहा. पुढची चमक सगळेच देतात. सांधे, कड्या आणि खड्यांची बैठक यांतच हात कळतो.

२) जाळीकामात सांधे जास्त, म्हणून डाकही जास्त. डाक हलक्या कसाची असेल तर मोडीच्या वेळी टंच कमी भरतो.

३) खड्यांचे वजन वेगळे लिहून घ्या. २० ग्रॅमच्या हारात ३ ग्रॅम खडे असतील तर सोने १७ ग्रॅमच. त्यावर घट ६ टक्क्यांऐवजी १० टक्के धरली, तर ०.६८ ग्रॅम सोन्याची किंमत जादा जाते.

४) जुने सोने देताना वजन व टंच समोर करून पावती घ्या.

५) २२ कॅरेटच्या हॉलमार्कमध्ये ‘९१६’ आणि अक्षरे-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी असतो. तो बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. कुंदन, पोलकी व जडाव कामाला हॉलमार्कची सक्ती नाही. तेथे कागद हाच आधार.

चित्र, कॅरेट, वजन, घडणावळ व तारीख सहीनिशी लिहून देणारा कारागीर थोडा महाग वाटला तरी सौदा त्याच्याशीच करावा. लिहून देण्यास जो टाळतो, त्याची नक्षी कितीही देखणी असो, बयाणा देऊ नये.