आधी चुना, मग सिमेंट

आमच्या सकाळच्या मंडळींना पिकलबॉलचं वेड लागलं आणि एखाद्या बागेत कोर्ट व्हावं म्हणून मी पश्चिम नागपुरात जागा पाहत हिंडू लागलो. त्या पायपिटीत जे कळलं ते असं.

1. टेप स्वतः धरा. कोर्ट 44 बाय 20 फूट, नेमकं बॅडमिंटनच्या दुहेरीएवढं. म्हणून आम्ही म्हटलं, मावेल कुठंही. पण चेंडूमागे धावायला चारी बाजूंनी मोकळं लागतं, निदान 60 बाय 30. म्हणजे 1800 चौरस फूट. नागपूर सुधार प्रन्यासच्या पंधराशे फुटांच्या प्लॉटहून मोठं, आणि तेही एकच कोर्ट!

2. जागा अकरा वाजता पाहू नका. आमची पहिली पसंती ठरली ती भर उन्हात पाहिलेली. चिटपाखरू नव्हतं. सहज सकाळी सहाला गेलो तर तिथं सतरंज्या अंथरून बायकांचा योगवर्ग. संध्याकाळी पाचला विटांची चवड रचून पोट्ट्यांचं क्रिकेट. त्यातला एक पोट्टा मला टेप धरलेला पाहून जवळ आला. ‘काका, आमचं पिच काहून मोजून राहिले?’ मला उत्तर देता आलं नाही. टेप गुंडाळली. रिकामी दिसणारी जागा बहुतेक वेळा कोणाची तरी असते, फक्त त्यांचा अर्ज फायलीत नसतो.

3. कोर्ट उत्तर-दक्षिण बसलं पाहिजे. 23 मे 2013 ला 47.9 अंश सोसलेलं हे शहर. उन्हाळ्यात खेळणार ते उजाडताना नाहीतर दिवेलागणीला. पूर्व-पश्चिम आखलं की एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत सूर्य.

4. सावलीचा मोह आवरा. कडुनिंबाखालची जागा एप्रिलमध्ये स्वर्ग वाटते. जूनमध्ये निंबोळ्या पडतात, बुटाखाली चिरडतात, आणि आमच्यातले एक सर्व्हिस करता करता चक्क बसले. पिंपळाची मुळं तर फरशी उचलतात. झाड तोडायचं असेल तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मी ती मागणार नाही. कोर्ट सरकतं, झाड सरकत नाही.

5. एकदा पावसाळ्यात चिखल तुडवून या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती खणून मुरूम भरून दाबल्याशिवाय वर ओतलेलं काँक्रीट टिकत नाही. दर दहा फुटांना इंचभर उतार हवा, तोही एकाच बाजूला. आणि नाल्याकाठची जागा कितीही स्वस्त पडो, चौकीदाराच्या खोलीची भिंत बघा. आम्ही पाहिलेल्या एका भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर मातकट रेघ होती. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी फुगली, तेव्हाची.

6. शेजाऱ्यांना आवाज ऐकवा. टणक बॅट, प्लास्टिकचा भोकाभोकांचा चेंडू: टॉक, टॉक, टॉक. खेळणाऱ्याला कळत नाही. कुंपणापलीकडच्या आजी म्हणाल्या, ‘बाप्पा, दिवसभर लाह्याच फुटून राहिल्या!’ त्यांच्या खिडकीपासून दूरची जागा शोधा. कुंपणाला हिरवी जाळी लावून आवाज थांबत नाही, लावून पाहिलीय.

7. आधी चुना टाका. चार रेघा, उचलून नेता येणारी जाळी (कडेला 36 इंच, मधोमध 34), आणि पंधरा दिवस खेळा. कोणी म्हणालं, ‘तुम्ही बागेला चुना लावताय.’ लावतोयच की, आणि तो एका पावसात धुऊन जातो.

चुना टाकायला अखेर जागा मिळाली ती एका बागेच्या मागच्या बाजूला. जुनं उघड्यावरचं बॅडमिंटन कोर्ट, वाऱ्यामुळं फूल कुठंच्या कुठं जायचं म्हणून सोडून दिलेलं, सांध्यांतून हराळी उगवलेली. हा खेळ 1965 साली अमेरिकेत बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच जन्मला, हे ठाऊक असूनही अशी जागा आमच्या डोक्यात आली नव्हती. फरशी दोन्ही टोकांना आठ-आठ फूट वाढवावी लागेल. परवानगीची फाइल अजून साहेबांच्या टेबलावर आहे. आम्ही मात्र पहाटे साडेपाचला हराळी उपटतो, आणि संध्याकाळी आमच्या जाळीच्या खांबाला स्टंप समजून पोट्टे बोलिंग टाकतात.