विळा होण्यापूर्वीचे काही क्षण

विदर्भात किंवा नंदुरबारकडे शिकणाऱ्या वाचकांना ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. वर्गातला एखादा विद्यार्थी हातपाय दुखतात म्हणून अधूनमधून गैरहजर राहतो, तासाला पाणी पितो आणि पुन्हा पुन्हा लघवीला जाण्याची परवानगी मागतो. गुरुजींना तो कामचुकार वाटतो. वास्तविक त्याच्या वागण्यामागे घातांकाचे एक गणित आहे.

तांबड्या पेशी हिमोग्लोबिनने भरलेल्या असतात. या विकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. फरक एवढाच! पण ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ तंतू बनतात आणि लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी केशवाहिनीत अडकल्या की पुढचा रक्तपुरवठा तुंबतो व असह्य वेदना सुरू होतात.

मात्र तंतू बनण्यापूर्वी थोडा वेळ जातो. तेवढ्यात पेशी केशवाहिनी ओलांडून फुप्फुसाकडे परतली, तर तिचा विळा होत नाही. अमेरिकेतील हॉफ्रिक्टर, रॉस व ईटन यांना १९७४ साली असे आढळले की, शुद्ध द्रावणात हा विलंब हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. भौतिकीत आपल्याला वर्ग, घन, फार तर चौथा घात भेटतो. तिसावा घात म्हणजे नवलच. लॉगॅरिथमचे कोष्टक घेऊन पाहा: १.०५ चा तिसावा घात सुमारे ४.३ येतो. म्हणजे संहती केवळ ५ टक्क्यांनी वाढली, तर विलंब पावपटीहूनही कमी उरतो.

पेशीतले पाणी घटले की संहती वाढते. त्यात या मुलांची मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे शरीरातले पाणी भराभर निघून जाते. तेव्हा पाण्याची बाटली व लघवीची सुटी हे दोन्ही उपचाराचेच भाग होत. रोज घ्यावयाचे हायड्रॉक्सियुरिया हे औषधही याच गणितावर चालते. त्याने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. ते तंतूत नीट सामील होत नाही, आणि सदोष हिमोग्लोबिन जणू पातळ होते.

पण पाण्याने सर्व भागत नाही. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणून साधा वाटणारा तापही जिवावर बेतू शकतो; ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तान्ह्या वयापासून पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग पुष्कळ टळतो, हे १९८६ साली सिद्ध झाले. लसीही चुकवू नयेत.

दुसरा धोका मेंदूतील रक्तवाहिनी अरुंद होण्याचा. नळाचे तोंड बोटाने दाबले की धार जोराने उडते, तसा अरुंद वाहिनीत रक्ताचा वेग वाढतो. हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक भरला, तर नियमित रक्त देऊन पक्षाघात बहुतांशी टाळता येतो, असे १९९८ साली दिसून आले. वेग मोजायला कवटी उघडावी लागत नाही. पाठ्यपुस्तकातला डॉप्लर परिणाम तेथे कामी येतो. कानशिलाजवळून २० लक्ष हर्ट्झचा श्राव्यातीत ध्वनी आत सोडतात. रक्तात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरला व रक्त सरळ आपल्याकडे येत आहे असे मानले, तर परतलेल्या ध्वनीच्या वारंवारतेत सुमारे ५२०० हर्ट्झचा फरक पडतो. तो फरक यंत्राच्या भोंग्यातून चक्क कानांनी ऐकू येतो.