ई-मेलच्या पत्त्याची राखण



या सदरातून आम्ही दरवेळी बेणे, खत, पाणी आणि कीड-रोग यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. पण त्याचे मूळ उसातच आहे, म्हणून तो या पानावर घेत आहोत.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या आडसाली उसाची लागण नोंद चुकली. लागण जुलैची, नोंदीत मात्र ऑगस्ट पडला. सभासदाने चूक वेळीच ओळखली आणि मुलाकडून गट ऑफिसच्या ई-मेल पत्त्यावर दुरुस्तीचा अर्ज पाठविला. अर्ज पोचला. पण त्याच दिवशी त्या पत्त्यावर औषधांच्या जाहिराती, लॉटरी लागल्याच्या थापा, बिनव्याजी कर्जाची आमिषे अशी दीड-दोनशे पत्रे येऊन पडली होती. आमच्या माणसाने सगळी एकदम निवडून पुसून टाकली. त्यात अर्जही गेला. तोड महिनाभर लांबली, तुरा आलेला ऊस पोकळ पडू लागला, वजन घटले. सभासद ऑफिसात आले आणि अर्ज पाठविल्याची तारीख त्यांनी मोबाईलवर दाखविली, तेव्हा आम्हाला मान खाली घालावी लागली.

खरी चूक पुसणाऱ्या माणसाची नव्हती. ती दोन वर्षे आधी आमच्याच हातून झाली होती. कारखान्याच्या संकेतस्थळावर सर्व गट ऑफिसांचे ई-मेल पत्ते आम्हीच उघडे मांडले होते. सभासदांची सोय व्हावी हा हेतू होता, पण सोय झाली ती भलत्याचीच.

आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरची मुले ऊस रोपवाटिकेचे, सेंद्रिय गुळाचे, शेतकरी कंपनीचे संकेतस्थळ काढतात. गावची दूध संस्था आणि शाळाही काढते. आमची चूक त्यांच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा पाठ.

पत्ते गोळा कोण करतो?

हे काम माणूस बसून करीत नाही. त्यासाठी आपोआप चालणारा प्रोग्रॅम असतो, त्याला 'बॉट' म्हणतात. तो एक पान उघडतो, त्यातला मजकूर वाचतो, पत्ते टिपून घेतो आणि त्या पानावरच्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जातो. रात्रंदिवस हेच चालते. गोळा झालेल्या याद्या विकल्या जातात आणि मग एकाच वेळी लाखो पत्त्यांवर नको असलेले टपाल सुटते. त्यालाच 'स्पॅम' म्हणतात.

बॉटला पत्ता ओळखू कसा येतो? ई-मेल पत्त्यात एक खूण हमखास असते. 'ए' या इंग्रजी अक्षराभोवती शेपूट गुंडाळल्यासारखे ते चिन्ह, ज्याला आपण 'ॲट' म्हणतो. अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली ते निवडले. माणसांच्या नावात हे चिन्ह येत नाही, त्यामुळे माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांमध्ये ते घातले तर घोटाळा होत नाही, असा त्यांचा विचार. आता त्याच कारणाने बॉटचे काम सोपे झाले आहे. चिन्ह दिसले, त्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरे आणि पुढे टिंब असले, की तो पत्ताच, हे त्याला शिकवून ठेवलेले असते.

नको असलेल्या टपालाची गोष्ट तशी जुनी आहे. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी सुमारे ४०० जणांना संगणकावरून एकच जाहिरात पाठविली. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरचा हा प्रकार. त्या वेळी पत्ते छापील यादीतून हाताने उतरवून घ्यावे लागले होते. आज ते काम बॉट करतो, आणि यादी आपणच त्याच्यापुढे मांडून ठेवतो.

पानाची खालची बाजू

२००२ सालचा लोकरी मावा आपल्याला आठवत असेल. बांधावरून ऊस हिरवागार दिसायचा आणि पान उलटून बघितले की खालची बाजू पांढरी. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आपल्याला पडद्यावर दिसते ती पानाची वरची बाजू. तिच्यामागे संगणकाच्या भाषेतला मजकूर असतो आणि बॉट तोच वाचतो. पडद्यावर नुसते 'आम्हाला लिहा' असे बटण असले, तरी त्याच्या मागे पत्ता सरळ लिहिलेला असू शकतो. मुलाने 'पत्ता दिसतच नाही की' असे सांगितले तर त्याला पान उलटून बघायला सांगावे. वार्षिक अहवाल किंवा सभासद यादी पीडीएफ करून चढविली, तर त्यातला मजकूरही यंत्राला वाचता येतो, हेही ध्यानी ठेवावे.

हे खरोखर किती होते, याची परीक्षा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने घेतली आहे. २००२ साली त्यांनी २५० नवे पत्ते तयार करून इंटरनेटवरील १७५ ठिकाणी पेरले. संकेतस्थळांच्या पानांवर टाकलेल्या पत्त्यांपैकी ८६ टक्के पत्त्यांवर स्पॅम आले. २००५ साली त्याच संस्थेने आणखी एक प्रयोग केला. काही पत्ते उघडे ठेविले, काही 'ॲट' आणि 'डॉट' असे शब्दांत लिहून झाकले. पाच आठवड्यांत उघड्या पत्त्यांवर ६,४०० हून अधिक स्पॅम आले आणि झाकलेल्यांवर अवघे एक. आज बॉट त्या वेळेपेक्षा हुशार झाले आहेत, पण उघड्या आणि झाकलेल्या पत्त्यांत किती अंतर पडते ते या प्रयोगावरून कळते.

उपाय कोणते?

एका फवारणीने सगळी कीड जात नाही, तसे इथेही एका उपायावर भागत नाही. प्रत्येकाचा गुण आणि उणीव दोन्ही सांगतो.

१) नको तो पत्ता टाकूच नये. हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय. प्रत्येक कर्मचाऱ्याचा, प्रत्येक संचालकाचा खासगी पत्ता कशाला? कामाचा एकच पत्ता द्यावा.

२) संकेतस्थळासाठी पत्ता वेगळा ठेवावा. बँकेचे, सात-बाराचे, घरचे व्यवहार ज्या पत्त्यावर चालतात, तो जगापुढे मांडू नये. वेगळा पत्ता खराब झाला तर बदलता येतो. घरचा पत्ता बदलणे म्हणजे उभे पीक उपटण्यासारखे आहे.

३) संपर्काचा अर्ज पानावर ठेवावा. सभासद नाव, गाव आणि मजकूर भरतो, बटण दाबतो, पत्र आपल्याकडे येते. पत्ता मागच्या संगणकावरच राहतो, पानावर येत नाही. उपायांत हा सर्वांत भरवशाचा. मात्र बनविणाऱ्याने तोच पत्ता अर्जाच्या मागच्या मजकुरात लिहून ठेविला, तर सगळे मुसळ केरात. शिवाय बॉट असे अर्जही भरू लागतात. त्यावर एक युक्ती आहे. अर्जात एक रकाना असा ठेवावा की तो माणसाला दिसणार नाही. बॉट समोर येईल तो रकाना भरीत सुटतो. तो रकाना भरलेला आला की अर्ज यंत्राचा समजून बाजूला टाकावा. कामगंध सापळ्यात पतंग सापडतो, तसेच हे.

४) पत्ता शब्दांत लिहावा. चिन्हाऐवजी 'ॲट', टिंबाऐवजी 'डॉट'. साधे बॉट यात फसतात. हुशार बॉटला ही युक्ती माहीत आहे. तरीही उघड्यापेक्षा हे बरे.

५) पत्त्याचे चित्र टाकणे. मजकूर शोधणाऱ्या बॉटला चित्र वाचता येत नाही, पण चित्रातली अक्षरे ओळखणारे प्रोग्रॅमही निघाले आहेत. दुसरे म्हणजे, दृष्टिहीन माणूस संगणकाकडून पान वाचवून घेतो, त्याला चित्रातला पत्ता ऐकू येत नाही. चित्रावरून पत्ता उचलताही येत नाही, हाताने लिहून घ्यावा लागतो.

६) पत्ता तुकड्यांत ठेवणे. पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या मदतीने तुकडे जोडले जातात आणि माणसाला पूर्ण पत्ता दिसतो. पुष्कळ बॉट जावास्क्रिप्ट चालवीत नाहीत, त्यांना नुसते तुकडे मिळतात. पूर्ण ब्राउझर चालविणाऱ्या बॉटपुढे मात्र याचा उपयोग नाही.

७) बॉटसाठी सूचना लावणे. 'रोबोट्स' नावाच्या फाईलमध्ये अमुक पान वाचू नये असे लिहिता येते. सभ्य बॉट ते पाळतात, पत्ते चोरणारे पाळीत नाहीत. बांधावर 'गुरे चारू नयेत' अशी पाटी लावली म्हणून गुरे थांबतात थोडीच! ही सूचना म्हणजे कुंपण नव्हे.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. अमेरिकेने २००३ साली 'कॅन-स्पॅम' कायदा केला. यंत्राने पत्ते गोळा करून बेकायदा टपाल पाठविणाऱ्याला त्यात जादा शिक्षेची तरतूद आहे. पण बॉट देशाची शीव बघत नाही. राखण आपल्यालाच करावी लागते.

पत्ता आधीच गेला असेल तर?

गेलेला पत्ता परत येत नाही. पानावरून पुसला तरी विकल्या गेलेल्या यादीत तो राहतोच. मग काय करावे? अनोळखी स्पॅमला उत्तर देऊ नये. त्यातल्या 'यादीतून नाव काढा' या बटणालाही हात लावू नये, कारण पत्ता चालू असल्याची खात्री त्यांना त्यातूनच पटते. पत्र 'स्पॅम' म्हणून नोंदवावे, म्हणजे पुढची तशी पत्रे गाळणी आपोआप अडविते. पण गाळणीत कधी चांगले दाणेही अडकतात. म्हणून स्पॅमचा कप्पा रोज डोळ्यांखालून घालावा, न बघता पुसू नये. आमची चूक इथेच झाली.

आणखी एक धोका पैशाचा. कारखान्याच्या नावाने पत्र येईल, 'ऊस बिलासाठी खाते क्रमांक कळवा' किंवा 'ओटीपी सांगा' असे त्यात असेल. पाठविणाऱ्याचे नाव खोटे घालता येते, त्यावर विसंबू नये. असे पत्र आले तर गट ऑफिसात समक्ष येऊन विचारावे. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक.

आम्ही काय केले?

संकेतस्थळावरून गट ऑफिसांचे उघडे पत्ते काढले. जुने पत्ते बदलले. त्या जागी संपर्काचा अर्ज ठेविला असून त्यात सभासद क्रमांक आणि गटाचे नाव लिहिण्याची सोय आहे. अर्ज पोचताच सभासदाला पोच क्रमांक मिळतो. लागण नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज संगणकावरून केला असला, तरी पोच क्रमांक आला नाही तर तो पोचला नाही असे समजावे आणि गट ऑफिसात कागदी अर्ज द्यावा. कागदी अर्ज आम्ही बंद केलेला नाही आणि करणारही नाही. चोराच्या भीतीने दार इतके बंद होऊ नये की घरचा माणूसच बाहेर राहील.

आपल्या घरी कोणी संकेतस्थळ काढीत असेल, तर हे पान त्याला वाचून दाखवा. पत्ता माणसाला सापडावा आणि यंत्राला सापडू नये, एवढेच साधायचे आहे.

ज्या सभासदाचे नुकसान झाले त्यांची आम्ही घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, माझा ऊस गेला तो गेला, दुसऱ्याचा जाऊ देऊ नका." हा लेख त्यांच्या त्या शब्दाखातर.

कळावे.

ऊस विकास अधिकारी